एका गळ्यातून दोन स्वर

समजा एखाद्या अद्भुतकथेत तुम्ही पुढील वर्णन वाचले : बर्फाच्या डोंगरांपलीकडे एक देश आहे. तेथील मठांत पहाटेच्या अंधारात भिक्षू रांगा करून बसतात. विधीला प्रारंभ झाला की प्रत्येक भिक्षू आपल्या एकट्याच्या गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढतो. एक स्वर बैलाच्या हंबरण्यासारखा खोल, तर दुसरा त्याच्या कितीतरी वर, लांबून ऐकू येणाऱ्या घंटेसारखा! हे वाचून तुम्ही म्हणाल, लेखकाची कल्पनाशक्ती मोठी दांडगी दिसते. माणसाला गळा एकच, मग त्यातून एका वेळी दोन स्वर निघतील कसे?

पण ही कल्पना नव्हे. असे गायन खरोखर अस्तित्वात आहे, आणि ते ऐकण्यासाठी बर्फाचे डोंगर ओलांडण्याचीही गरज नाही. हिमाचल प्रदेशात धरमशालेजवळ सिद्धबाडी येथे आणि कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूरजवळ तिबेटी भिक्षूंचे जे मठ आहेत, तेथे हे गायन आजही चालू आहे. त्यामागील विज्ञान इतके सोपे आहे, की नववी-दहावीच्या पुस्तकातील ध्वनीचा धडा समजलेल्या विद्यार्थ्याला ते सहज उलगडेल. आणि ते उलगडल्यावर तुम्हाला स्वतःच्या आवाजाविषयीच एक नवी गोष्ट कळेल.

मठांतील मंत्रगायन

तिबेटी बौद्ध धर्मात गेलुग नावाची एक परंपरा आहे. तिच्यात तंत्रविधींचे शिक्षण देणारी दोन विद्यापीठे प्रसिद्ध आहेत. ग्युमे हे १४३३ साली स्थापन झाले आणि ग्युतो हे १४७४ साली. गुह्यसमाज, यमांतक, महाकाल यांच्या उपासनेचे मंत्र तेथे विशिष्ट आवाजात म्हटले जातात. यांपैकी गुह्यसमाज तंत्र हा ग्रंथ मुळात संस्कृत. तो भारतातून तिबेटात गेला आणि तिबेटी भाषेत उतरला.

हे मंत्र फार संथ लयीत म्हटले जातात. एकेक अक्षर लांबवलेले असते आणि अधूनमधून अर्थ नसलेली अक्षरेही घातलेली असतात. आपल्याकडे सामगायनात ‘स्तोभ’ नावाची अशीच अर्थहीन अक्षरे येतात, हे तुमच्या संस्कृतच्या शिक्षकांना ठाऊक असेल. गायनातील चढउतार सा-रे-ग-म अशा अक्षरांनी न दाखवता ‘यंग-यिग’ नावाच्या पोथ्यांत वळणदार रेषांनी दाखवलेले असतात. मंत्रांच्या मधल्या जागी झांजा, ढोल आणि ‘दुंगचेन’ नावाची माणसाहूनही लांब तुतारी वाजते. या खोल आवाजाला तिबेटी भाषेत ‘झोचा आवाज’ असे एक नाव आहे. झो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेले जनावर.

एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. हे भिक्षू श्रोत्यांसाठी गात नाहीत. त्यांच्या दृष्टीने ही मैफल नसून उपासना आहे.

आवाज प्रयोगशाळेत पोचतो

ह्यूस्टन स्मिथ हे अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. धर्मांचा अभ्यास करीत ते १९६४ साली हिमालयाच्या परिसरातील ग्युतो भिक्षूंकडे आले असता त्यांच्या कानी हे गायन पडले. एकेकटा भिक्षू गात असतानाही दोन निरनिराळे स्वर ऐकू येतात, हे पाहून ते चकित झाले. त्यांनी तो आवाज ध्वनिफितीवर मुद्रित केला आणि परत गेल्यावर आपल्याच संस्थेतील वाक्-ध्वनीचे तज्ज्ञ केनेथ स्टीव्हन्स यांच्याकडे नेला. स्मिथ, स्टीव्हन्स आणि रेमंड टॉमलिन्सन या तिघांनी लिहिलेला शोधनिबंध १९६७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

त्यांनी काय केले? लोलकातून गेलेला पांढरा प्रकाश जसा सात रंगांत विभागला जातो, तसा एखादा आवाजही त्याच्या घटक स्वरांत विभागता येतो. या घटकांपैकी कोणता किती जोरकस आहे, हे उपकरण कागदावर रेखाटून दाखवते. भिक्षूंच्या आवाजाचे असे पृथक्करण केल्यावर दिसले, की खोल मूळ स्वराबरोबरच त्याच्या पाचपट आणि दहापट कंपनसंख्येचे घटक फार प्रबळ झालेले आहेत. गळ्यात दुसरा कोणताही स्वर स्वतंत्रपणे निर्माण होत नव्हता. कानाला ऐकू येणारा ‘दुसरा’ स्वर पहिल्याच्याच पोटात होता!

एक स्वर म्हणजे किती स्वर?

आता मुद्द्याला हात घालू. तुम्ही ‘आ’ असा एक स्वर लावता, तेव्हा तुमच्या स्वरयंत्रातील दोन लवचीक पट्ट्या उघडझाप करू लागतात. त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. प्रौढ पुरुषात त्या सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या असतात. पट्ट्या सेकंदाला १२० वेळा उघडल्या-मिटल्या तर मूळ स्वर १२० हर्ट्झचा झाला. पण या उघडझापीतून निघणाऱ्या हवेच्या झोतांत केवळ १२० कंपनांचा ध्वनी नसतो. त्याच्या दुप्पट २४०, तिप्पट ३६०, चौपट ४८०, असे पूर्ण पटींतील अनेक ध्वनी एकाच वेळी त्यात मिसळलेले असतात. त्यांना भौतिकीत ‘संनादी’ म्हणतात, तर संगीताच्या पुस्तकांत ‘सहायक नाद’ असे नाव आढळते. आपण येथे सहायक नाद हाच शब्द वापरू.

भिक्षूंचा खोल मूळ स्वर साधारण ७५ हर्ट्झचा धरला आणि त्यालाच षड्ज मानले, तर सहायक नादांची मांडणी अशी होते :

१ पट : ७५ : षड्ज (मूळ स्वर)
२ पट : १५० : षड्ज
३ पट : २२५ : पंचम
४ पट : ३०० : षड्ज
५ पट : ३७५ : गंधार
६ पट : ४५० : पंचम
७ पट : ५२५ : कोमल निषादाहून किंचित उतरलेला स्वर
८ पट : ६०० : षड्ज
९ पट : ६७५ : ऋषभ
१० पट : ७५० : गंधार

म्हणजे पाचवा आणि दहावा हे दोन्ही नाद गंधाराचेच. भिक्षूच्या खोल षड्जावर जो स्वर घंटेसारखा तरंगताना ऐकू येतो, तो गंधार आहे.

मग आपल्या रोजच्या बोलण्यात हे सहायक नाद वेगळे का ऐकू येत नाहीत? कारण आपला मेंदू ते सारे एकत्र बांधून त्यांचा एकच आवाज करतो आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावरून ‘हा बाबांचा आवाज’, ‘ही बासरी’ अशी ओळख पटवतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाद एकेक करून ऐकण्यासाठी पोकळ गोल वापरले होते. प्रत्येक गोल फक्त एका ठरावीक स्वराला प्रतिसाद देई. या प्रयोगांवर आधारलेला त्याचा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. भिक्षूंना अशा गोलाची गरज पडत नाही, कारण तो त्यांच्या तोंडातच आहे. तो कसा, ते पाहा.

तोंड नावाची नळी

कळशी नळाखाली भरत असताना होणारा आवाज तुम्ही नेहमी ऐकता. पाणी चढते तसा आवाजही चढत जातो, आणि कळशी भरत आली हे न बघताच कळते. पाण्याच्या खळखळाटात अनेक स्वर असतात. पण कळशीतील हवा आपल्या आकारमानाला साजेसा स्वर तेवढा उचलून मोठा करते. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी हीसुद्धा अशीच हवेने भरलेली नळी आहे. प्रौढ पुरुषात तिची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. एका टोकाला बंद असलेल्या नळीचे सूत्र तुम्ही वापरून पाहा. अशा नळीतील पहिल्या अनुस्पंदनाची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या चौपट, म्हणजे ०.६८ मीटर येते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून त्याला ०.६८ ने भागले, की उत्तर मिळते ५०० हर्ट्झ. त्यानंतरची अनुस्पंदने तिप्पट व पाचपट, म्हणजे १५०० आणि २५०० हर्ट्झला येतात. अर्थात ही नळी सरळ आणि एकसारखी असती तर! जीभ वर-खाली, पुढे-मागे करून आणि ओठ पसरून किंवा गोल करून आपण नळीचा आकार सतत बदलतो आणि त्यामुळे ही अनुस्पंदने सरकतात. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ हे स्वर एकमेकांहून वेगळे ऐकू येतात ते यामुळेच.

आता भिक्षूंचे कौशल्य लक्षात येईल. ते ओठ गोल करून ‘ओ’सारखा उच्चार धरून ठेवतात. त्यामुळे पहिली दोन अनुस्पंदने खाली येतात. एक ३७५ हर्ट्झच्या आसपास बसते, दुसरे ७५० च्या आसपास. वरची मांडणी पुन्हा पाहा. नेमका पाचवा आणि दहावा सहायक नाद तेथे आहे! हे दोन नाद शेजारच्या नादांहून इतके मोठे होतात, की मेंदूला त्यांना एकत्र बांधून ठेवणे जमत नाही आणि गंधार वेगळा होऊन ऐकू येतो.

इतका खोल आवाज कसा?

एक कोडे अजून शिल्लक राहिले. ७५ हर्ट्झ हा स्वर पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्याच्या मानाने बराच खालचा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि मंद्र षड्ज सुमारे ६९ चा. म्हणजे गवई ज्या खर्जाची पहाटे मेहनत करतात, त्याच्या जवळपास हे भिक्षू तासन् तास मंत्र म्हणतात.

आपल्या स्वरतंतूंच्या थोडे वर आणखी दोन घड्या असतात. त्यांना आभासी स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्या सहसा बाजूला असतात. पण काही प्रकारच्या गायनात त्या एकमेकींजवळ येतात आणि कंप पावू लागतात. स्वीडनमधील संशोधकांनी एका मंगोलियन कंठगायकाचा गळा अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की खरे स्वरतंतू दोनदा मिटतात तेव्हा आभासी स्वरतंतू एकदा मिटतात. तिबेटी भिक्षूंच्या खोल आवाजामागेही हीच क्रिया असावी, असे ध्वनिशास्त्रज्ञ मानतात.

याने स्वर खाली का येतो, हे टाळ्या वाजवून समजेल. सेकंदाला दोन या वेगाने एकसारख्या टाळ्या वाजवा. आता दर दुसरी टाळी हलकी करा. मोठी, हलकी, मोठी, हलकी. पूर्ण आकृतिबंध पुन्हा येण्यास आता अर्ध्या सेकंदाऐवजी एक सेकंद लागतो. हवेच्या झोतांचेही तसेच आहे. खरे स्वरतंतू सेकंदाला १५० झोत सोडतात आणि आभासी स्वरतंतू दर दुसरा झोत दाबतात. आकृतिबंध सेकंदाला ७५ वेळा पुन्हा येतो आणि स्वर एक सप्तक खाली उतरतो.

याचा आणखी एक फायदा होतो. मूळ स्वर ७५ चा झाल्यामुळे सहायक नाद दर ७५ हर्ट्झवर एक, असे दाटीने उभे राहतात, आणि त्यांतला हवा तो निवडणे तोंडाच्या नळीला सोपे जाते. ३०० हर्ट्झवर गाणाऱ्या मुलाच्या आवाजात ते विरळ असतात. ३७५ ला उचलण्यासारखे काहीच नसते.

तूवा प्रांतातील आणि मंगोलियातील कंठगायक याच तत्त्वाचा वेगळा उपयोग करतात. ते मूळ स्वर स्थिर ठेवून सहायक नादांवर चक्क शिळेसारखी धून वाजवतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की तूवाचे गायक तोंडातील दोन अनुस्पंदने एकमेकांजवळ आणून एकाच टोकदार अनुस्पंदनात मिसळतात. मंगोलियाच्या या गायनाचा युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. लडाखमधील बौद्ध मंत्रपठणालाही २०१२ साली तेथे स्थान मिळाले.

घरचा गंधार

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर तंबोरा छेडणाऱ्या कुणाजवळ शांत बसून पाहा. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार उमटतो. आपले गवई त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो दुसरातिसरा कुणी नसून त्या तारेचा पाचवा सहायक नाद आहे. तिबेटी भिक्षूच्या गळ्यात गुंजणारा गंधार आणि मिरजेच्या तंबोऱ्यातला गंधार हे एकाच गणिताचे आहेत.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, ती हे सहायक नाद फुलवण्यासाठीच. तारेत एखाद्या बिंदूवर छेड दिली असता, जो सहायक नाद त्या बिंदूवर स्थिर असतो तो उमटू नये, असा नियम आहे. तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे तो नियम तेथे लागू पडत नाही, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले.

पेटीवरचा गंधार मात्र या गंधाराशी तंतोतंत जुळत नाही. स्वयंभू गंधाराचे षड्जाशी गुणोत्तर ५:४, म्हणजे १.२५ असते. पेटीच्या समान अंतरांच्या स्वरांत ते सुमारे १.२६ येते. फरक लहान आहे, पण तयार कानाला तो खुपतो.

करून पाहा

१. सतार, गिटार किंवा तंबोरा यांची एक तार घ्या. घोडीपासून वरच्या टोकाच्या आधारापर्यंतची लांबी मोजा. ती ९० सेंटिमीटर असेल, तर एका टोकापासून १८ सेंटिमीटरवर, म्हणजे पाचव्या भागावर, बोट अगदी हलके टेकवून तार छेडा आणि लगेच बोट उचला. गंधार ऐकू येईल. तिसऱ्या भागावर पंचम मिळेल आणि मध्यावर वरचा षड्ज.

२. न्हाणीघरासारख्या घुमणाऱ्या जागी एकाच पट्टीत, एकाच श्वासात ‘ऊ-ओ-आ-ए-ई’ असे अगदी सावकाश म्हणा. पट्टी बदलू नका. फक्त तोंडाचा आकार बदलत जा. लक्ष देऊन ऐकल्यास आवाजाच्या वर एक बारीकसा स्वर पायऱ्या चढत जाताना जाणवेल. पहिल्या दिवशी नाही जाणवला तर निराश होऊ नका. येथे गळ्यापेक्षा कानाला सराव लागतो.

शिक्षकांना हे दोन्ही प्रयोग वर्गात सहज करून दाखवता येतील.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा. भिक्षूंसारखा खोल आवाज काढण्यासाठी गळा आवळू किंवा खरवडू नका. तुमच्यापैकी अनेकांचे आवाज या वयात फुटत असतात, स्वरयंत्र वाढत असते. जबरदस्तीने स्वरतंतूंना इजा होऊ शकते.

ध्वनिफीत आणि गुरू

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. १९५९ साली तिबेटमधील उठावानंतर हजारो तिबेटी लोक भारतात आले. त्यांच्यात ग्युतो आणि ग्युमे येथील काही भिक्षूही होते. निर्वासितांपैकी अनेकांनी हिमालयातील रस्त्यांच्या कामावर मजुरी केली. ग्युतोचे भिक्षू प्रथम डलहौसीला, पुढे अरुणाचल प्रदेशातील तेंझिंगांग येथे आणि नंतर सिद्धबाडी येथे स्थिरावले. १९६४ साली स्मिथ यांनी जो आवाज मुद्रित केला, तो अशा काळातला होता. देश सुटला होता, मठ मागे राहिले होते, आणि पाच शतके चालत आलेली विद्या थोड्याशा माणसांच्या गळ्यात उरली होती.

विचार करा, की ती माणसे विद्या पुढे न देताच गेली असती तर काय झाले असते? ध्वनिफीत उरली असती. कोणता सहायक नाद किती प्रबळ आहे, हे आपल्याला आजही सांगता आले असते. पण जीभ किती मागे घ्यायची, श्वास कसा पुरवायचा, गळ्यावर ताण येऊ लागला की काय करायचे, हे ध्वनिफितीवर मुद्रित होत नाही. ते नवशिक्या भिक्षूला गुरूशेजारी बसून, चुकत आणि सुधारत वर्षानुवर्षे शिकावे लागते. त्या भिक्षूंनी भारतात आल्यावर लहान मुलांना शेजारी बसवले, म्हणून हा आवाज आज ऐकू येतो. आपल्या गावातील भजनी मंडळात, गोंधळ्यांच्या किंवा वासुदेवाच्या गाण्यांतही अशा कितीतरी गोष्टी फक्त गळ्यातून गळ्यात जात असतात.

भिक्षूंच्या गळ्यात वेगळे असे कोणतेही अवयव नाहीत. तेच स्वरतंतू, त्याच आभासी पट्ट्या, तीच १७ सेंटिमीटरची नळी. तुम्ही उद्या वर्गात ‘हजर’ म्हणाल, तेव्हा त्या एका शब्दातही षड्ज, पंचम आणि गंधार असतीलच. भिक्षूंनी ते ऐकायला आणि निवडायला शिकून घेतले. तुम्ही निदान ऐकायला तरी आजपासून सुरुवात करा.